फोनच्या पलीकडची बाई

शरयूने हेडफोन कानाला लावला तेव्हा तिच्या डोक्यात अजून एडिसन गावच्या कोणा आजोबांचा मूतखडाच होता. सकाळभर हॉस्पिटलांसाठी फोनवरून दुभाषेपणा करून तिचा घसा सुकला होता. डॉक्टर इंग्रजीत विचारणार, कळ कुठून कुठे जाते. आजोबा मराठीत सुनेची गाऱ्हाणी सांगणार. आणि मधल्या मधे शरयू, ह्यातलं कळेचं किती न् सुनेचं किती पलीकडे न्यायचं ह्या विवंचनेत. त्यातून सुटली आणि तिने हे दुसरं काम उघडलं. न्यूयॉर्कची कुठलीशी संस्था, कामगारांच्या हक्कांसाठी भांडणारी. तिथल्या हॅना नावाच्या वकीलबाईने लिहिलं होतं, की यांगूनजवळच्या एका कपड्यांच्या कारखान्यात संपावरच्या एका बाईने चोरून केलेलं रेकॉर्डिंग आहे, तिथला साहेब फोन स्पीकरवर ठेवून कोणाशी तरी बोलतोय. बर्मी माणसांना ऐकवलं, चिनी माणसांना ऐकवलं, शेवटी एक हिंदीवाला म्हणाला, ही मराठी असणार. आता हा पहिला तुकडा ऐकून भाषा तीच ना एवढं सांगा, बाकीचं दुपारी मीटिंगमध्ये. शरयूने प्ले दाबलं. पंख्याची घरघर, पुष्कळ बायकांची कुजबुज, खुर्ची सरकल्याचा आवाज. मग एक पुरुष नाकातून बोलला, "ह्या काही हलत नाहीत रे. एकेक नमुना आहे. मघापासून तेच तेच दळण." तुकडा संपला. तिने तो पुन्हा लावला. मग आणखी एकदा. भाषेबद्दल शंकाच नव्हती. माणसाबद्दलही नव्हती. तो एकनाथ होता.

तिला आनंद झाला. खोटं कशाला बोला, चांगला कडकडून आनंद झाला, पोटातून घशापर्यंत. खिडकीबाहेर कॉम्प्लेक्सचं पार्किंग, शेजारच्या तेलुगू मुलाची नवी गाडी, पाठीला यंत्र लावून पाचोळा उडवणारा माळी, न्यू जर्सीतल्या त्या पार्सिपनी गावातलं सगळं रोजच्या जागी होतं आणि तिला त्यातलं काही दिसत नव्हतं. "सापडलास मेल्या," ती मोठ्याने म्हणाली आणि स्वतःच दचकली. आतल्या खोलीत नंदू, तिचा नवरा, झोपला होता. कंबर धरली म्हणून गोदामातल्या नोकरीवर दांडी मारून, पाठीखाली गरम पट्टा घेऊन. त्याला हलवून उठवावं आणि सांगावं, नंदू, तुझा शत्रू माझ्या कानात येऊन बसलाय रे, असं अगदी जिभेवर आलं. पण ती थांबली. आधी पुरतं होऊ दे. इतकी वर्षं ज्या माणसाने खालमानेने दिवस काढले त्याला अर्धंमुर्धं काही द्यायचं नाही.

शिकागोजवळच्या नेपरव्हिलचं घर तिला अजून स्वप्नात यायचं. घर म्हणजे काय, बेसमेंट आणि जिना आणि बर्फ पडला की मागच्या अंगणात उमटणारे सशाचे ठसे. नंदू तेव्हा शिकागोतल्या एका फर्ममध्ये चांगल्या हुद्द्यावर होता. अमेरिकेतल्या दुकानांसाठी परदेशातून कपडे शिवून आणायचे, हा त्या फर्मचा धंदा. एकनाथ यांगूनला बसून तिथले कारखाने बघायचा. दोघं नागपूरच्या एकाच हॉस्टेलचे, एकमेकांच्या लग्नात पंगतीला वाढलेले. मग ब्रह्मदेशात लष्कराने सत्ता घेतली, युनियन बेकायदा ठरवल्या, संपावर बसलेल्या बायकांना कारखान्याच्या आतून ट्रकमध्ये घालून नेलं. त्यांच्या एका कारखान्यातूनही नेलं. वर्तमानपत्रांत नाव आलं, दुकानवाले हात झटकायला लागले, फर्मला कोणाचा तरी बळी द्यायचा होता. एकनाथने नंदूचं नाव पुढे केलं आणि नंदूची नोकरी गेली. नोकरी गेली म्हणजे व्हिसा लटकला, घर गेलं, लेकीचं, आन्याचं, आवडतं कॉलेज गेलं. त्या दिवशी गॅरेजमध्ये गाडीचं दारही न लावता नंदू तिला म्हणाला होता, "मी त्याला नको नको म्हणत होतो गं. बायका आहेत यार, पोरीबाळी आहेत, सैन्याला आत घेऊ नकोस. त्याने ऐकलं नाही." आणि मग रडला होता. शरयूने नवऱ्याला रडताना पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. सगळं गेलं, पण माझा माणूस सरळ निघाला, ह्या एका गोष्टीवर ती उभी राहिली. फॉर्म भरले, परीक्षा दिली, दुभाषी झाली, इकडे येऊन भाड्याच्या दोन खोल्यांत संसार मांडला. कोणी कीव केली तर मनात म्हणायची, तुमच्या नवऱ्यांनी असं काही केलंय का कधी?

आणि तो एकनाथ! तो इथेच, न्यू जर्सीत येऊन बसला, छाती पुढे काढून. आता म्हणे रिस्पॉन्सिबल सोर्सिंगचा व्हाइस प्रेसिडेंट, म्हणजे कामगारांना न छळणाऱ्या कारखान्यांतूनच माल येतोय ना ते बघणारा साहेब. ऐकूनच शरयूच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मंडळाच्या गणपतीत आरतीला हा पहिल्या रांगेत, ताम्हन ह्याच्या हातात, आणि नंतर माइक धरून नाकातल्या आवाजात भाषण, की आपण मराठी माणसांनी मूल्यं जपली पाहिजेत. समोर आला की, "काय वहिनी, कशा आहात? नंदू दिसत नाही?" असं इतक्या मऊपणे विचारायचा, की शरयूला हातातला द्रोण त्याच्या झब्ब्यावर रिकामा करावासा वाटे. तिने काय काय केलं होतं म्हणून सांगावं! त्याच्या बायकोला, शोभनाला, भिशीच्या ग्रुपमधून चुकून काढलं. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात त्यांची खुर्ची खांबामागे लावली. चिल्लर सूड सगळे, कोणाच्या खिजगणतीत नसलेले. खरा सूड ती भांडी घासताना घ्यायची. बटाटेवड्याची रांग लागलीय, सगळं मंडळ कागदी प्लेट घेऊन उभं आहे, आणि पोलीस येऊन एकनाथला सगळ्यांदेखत घेऊन जातायत. शोभना ओरडतेय. कोणी मधे पडत नाही. कोणी वडा खायचंही थांबत नाही. हे चित्र तिने इतक्या वेळा पाहिलं होतं, की त्यातल्या माणसांचे कपडेसुद्धा तिला पाठ झाले होते.

आणि गडी चुकला कुठे, तर मराठीत! ह्याचं तिला राहून राहून हसू येत होतं. इथली आपली माणसं हेच करतात. लिफ्टमध्ये, दुकानात, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये समोरच्याच्या नाकाडोळ्यांवर खुशाल बोलायचं, कोणाला कळणार आहे? तीही बोलायची. ओक ट्री रोडवर साड्यांच्या दुकानात ती आणि नंदू पुढे उभ्या असलेल्या बाईच्या ब्लाउजवरून बरंच काही बोलले होते आणि ती बाई वळून शांतपणे मराठीतच म्हणाली होती, "माझी जाऊबाई शिवते, पत्ता देऊ का?" पुढे कित्येक दिवस दोघं ते आठवून हसत. एकनाथही तसाच. तिथे यांगूनला, समोर संपावरच्या बायका बसल्यात, आणि हा बिनधास्त स्पीकरवर मराठीत. त्यातल्या एकीच्या मांडीवर फोन चालू होता आणि तो मराठीही टिपून घेत होता, हे त्याच्या बापजन्मी मनात आलं नसेल.

दुपारी स्क्रीनवर दोघी आल्या. हॅना तरुण होती, केस वर बांधलेले, बोलणं घाईचं. तिने थोडक्यात सांगितलं. यंदाच्या उन्हाळ्यात जिनिव्हातल्या जागतिक कामगार परिषदेत सगळ्या देशांनी मिळून लष्कराविरुद्ध ठराव केला, आता दबाव वाढतोय, इथल्या कंपन्यांनाही जाब विचारला जाणार. कंपन्या एकच पालुपद लावतात, जे झालं ते तिथे झालं, अमेरिकेत कोणाला काही ठाऊक नव्हतं. "म्हणून मला यांगूनमधला माणूस एवढा नकोय," हॅना म्हणाली. "फोनच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे ते हवंय. तो नंबर इथला होता." दुसऱ्या चौकटीत थिडा होती. इंडियानात राहणारी, बारीक, ताठ बसलेली बाई. रेकॉर्डिंग तिचं. ट्रकमध्ये सगळ्यांत आधी घातलं तेही तिलाच. तुरुंग, मग सरहद्द, मग छावणी, मग इथे. ती तुटक इंग्रजी बोलायची, पण एकेक शब्द जपून ठेवायची. शेवटी हॅनाने नियमाप्रमाणे विचारलं, ह्यातला आवाज तुमच्या ओळखीचा आहे का? असेल तर तुम्हाला हे काम करता येणार नाही. शरयूला नियम पाठ होता. तिने तो परीक्षेत लिहिला होता. हो म्हटलं तर दुसरा कोणी दुभाषी येणार, एकनाथचं वाक्य तिसऱ्याच कोणाच्या तोंडून इंग्रजीत जाणार. नाही! ते माझ्या तोंडून गेलं पाहिजे. एकेक शब्द मी नेऊन घालणार त्यांच्या पुढ्यात. "नो," ती म्हणाली. तिचा आवाज जराही हलला नाही.

हॅनाने रेकॉर्डिंग लावलं, एकदा सबंध ऐकून घ्या म्हणाली. पंखा, कुजबुज, खुर्ची. एकेक नमुना आहे, तेच तेच दळण. शरयूने पेन सरसावलं. पुढे एकनाथच बोलत होता, पण आवाज उतरला होता. "बाहेर ते ट्रक घेऊन थांबलेत. कॅप्टन विचारतोय, आत येऊ का. मला काही हे बरं वाटत नाही. बायका आहेत यार, पोरीबाळी आहेत. काय करू, सांग." पेन कागदावर टेकलेलंच राहिलं. हे वाक्य तिचं होतं. म्हणजे तिच्या घरातलं होतं, गॅरेजमधलं, ह्याच शब्दांत, ह्याच क्रमाने. ते ह्याच्या तोंडात कसं, असं तिला वाटतंय न वाटतंय तोच फोनमधून उत्तर आलं. "अरे, विचारतोस काय? घे ना आत. शिपमेंट काय तुझा बाप पाठवणार आहे? दोन-चार जणींना नेलं की बाकीच्या निमूट मशीनवर बसतील. ती बोलणारी कोण आहे, पुढारीण?" "ती हिरव्या शर्टातली." "मग तीच दाखव त्यांना. तिच्यापासून सुरुवात करू देत." आवाज चिडलेला नव्हता. घरी प्लंबर आला की नंदू जसा सांगतो, आधी तो नळ बघा, तसा होता. मग लांबून, कुठूनतरी वरून, कुकरची शिट्टी आली. आणि पाठोपाठ एक बाई ओरडली, "नंदू, पानं वाढलीत रे! किती वेळ तो फोन? गार होतंय सगळं!" "आलो, आलो," तो म्हणाला. "ठेवतो रे, जेवायला बोलावतायत. झालं की मेसेज टाक."

हॅना थांबली होती. स्क्रीनवर दोन चेहरे, तिसरा तिचा स्वतःचा, चष्मा लावलेल्या कोणा भलत्याच बाईचा असावा असा. नेपरव्हिलचं बेसमेंट. जिन्याच्या तोंडाशी उभं राहून ती रोज अशीच ओरडायची, लॉकडाउनचे दिवस, सगळं जग घरात. त्या संध्याकाळी काय होतं जेवायला? तिला आठवलं नाही आणि मग आठवलं. भरली वांगी. आठवायला कारणही होतं, त्याने मागून घेतली होती. हात धुऊन आला, खुर्ची ओढली, बोटं चाटत म्हणाला होता, आज जमलीयत हं. आन्याला कसलासा विनोद सांगितला होता. फोन मधेच वाजला तेव्हा डाव्या हाताने उलटा करून ठेवला. झालं की मेसेज टाक. झालं होतं. बरं, हे केलं ते केलंस, पण मित्राच्या तोंडचं एकमेव बरं वाक्य चोरून घरी आणलंस? आणि मी ते देव्हाऱ्यात ठेवलं! त्याच्यावर दिवे लावले, त्याच्या जोरावर मान वर करून चालले, आणि ज्याचं ते वाक्य होतं त्याला खांबामागे बसवलं. रोज संध्याकाळी दोघं मिळून एकनाथला शिव्या घालत. नंदू हळू आवाजात म्हणायचा, जाऊ दे गं, त्याचं त्याला मिळेल. केवढा थोर! तिचा द्वेष त्याने इतकी वर्षं बसून खाल्ला होता, वांग्यांसारखाच, मागून मागून.

एक वाट होती. दुभाष्यांना एक शब्द वापरायची मुभा असते, अस्पष्ट. आवाज अस्पष्ट, वाक्य अस्पष्ट, पलीकडचा माणूस ओळखण्याजोगा नाही. एवढं म्हटलं की काम संपलं. ग्रीन कार्डाचा अर्ज अजून पुढे सरकत होता, आन्याला आत्ता कुठे नोकरी लागत होती, घरात एक माणूस कंबर धरून झोपला होता. शरयूचे ओठ उघडलेही. पण थिडाने हात वर केला, शाळेतल्या मुलीसारखा, आणि विचारलं, "ती बाई काय म्हणते?" कोण बाई, हॅनाने विचारलं. "फोनमध्ये. शेवटी. ती रागावते." थिडा शब्द शोधत राहिली. "ट्रकमध्ये माझी मैत्रीण शेजारी होती. फार भ्यायली होती. मी तिला म्हटलं, तिकडे एक बाई आहे. ती त्याला नको म्हणाली. ओरडून म्हणाली. मी ऐकलं. कोणीतरी नको म्हटलं, म्हणजे कोणीतरी येईल. मैत्रीण परत आली नाही. पण मी अजून रोज ऐकते ती बाई. ती काय म्हणते?"

न्याय, माणुसकी, असलं काही शरयूच्या डोक्यात तेव्हा नव्हतं. खरं तेच सांगायचं तर तिच्या डोक्यात फक्त राग होता, आणि तो इतका थंड होता की तिला बोलणं एकदम सोपं झालं. "ती नको म्हणत नाहीये," ती इंग्रजीत म्हणाली. "ती म्हणतेय, जेवण वाढलंय. गार होतंय." थिडाचा चेहरा तसाच राहिला. फक्त तिने खांदे सोडले, ओझं खाली ठेवतात तसे नव्हे, आता ते उचलण्यात अर्थ नाही तसे. हॅनाने विचारलं, पक्कं? आवाज खूप मागे आहे. "पक्कं," शरयू म्हणाली. "ती मी आहे. मघाशी मी तुमच्याशी खोटं बोलले, दोघांपैकी एकाला मी ओळखत होते. आता दोघांना ओळखते. मला इंटरप्रिटर ठेवू नका. साक्षीदार करा." हॅना काहीतरी भराभर बोलायला लागली, वकील, स्वतंत्र सल्ला, नवरा असेल तर कायदा काय म्हणतो. शरयूने ते ऐकलं नाही. तिने मान वळवली आणि जिन्याशी उभी राहून ओरडायची तशीच, अगदी त्याच सुरात, हाक मारली, "नंदू! जरा ये रे इकडे. लॅपटॉपचा आवाज जातोय सारखा."

तो आला. कमरेला हात, पायांत मोजे, कपाळावर चढवलेला वाचायचा चष्मा. "मीटिंगच्या मधे कशाला अपडेट करता गं तुम्ही लोक," म्हणत तिच्या खुर्चीत बसला. तिने हेडफोन काढून ठेवून, उठून जागा दिली होती आणि ती त्याच्या मागे उभी राहिली, खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरून. त्याने चष्मा नाकावर घेतला, आवाजाचं बटण बघितलं, स्क्रीनवरच्या अनोळखी बायकांकडे पाहून सभ्य माणसासारखा हसला. "हॅलो? हॅलो, कॅन यू हिअर मी?"

थिडा पुढे झुकली. मग तिने तोंड उघडलं आणि तिला अर्थ ठाऊक नसलेले, पण वर्षानुवर्षं कानात घोळवलेले आवाज एकामागून एक बाहेर काढले, चढउतारासकट, त्याचेच. "आलो, आलो. ठेवतो रे."

नंदूचा हात बटणावरच राहिला. त्याने एकदा स्क्रीनकडे पाहिलं, मग स्क्रीनच्या कोपऱ्यात आपल्यामागे उभ्या असलेल्या बायकोकडे, आणि त्याची मान लाल होत गेली ती शरयूला वरून स्पष्ट दिसली. त्याने खुर्ची मागे रेटायचा प्रयत्न केला. ती हलली नाही.

"बस," शरयू म्हणाली. "कंबर दुखेल उगाच. तिला सगळं ऐकू येतंय. सांग तिला, त्या दिवशी वर आल्यावर काय काय जेवलास."